"प्रसाद संपला!" या कोटीवर हसायचं का?

निवृत्त_शिक्षिका (कर्वेनगर)

आमच्या सोसायटीच्या गणपतीत परवा मुलांचं पाठांतर होतं. चौथीतला एक मुलगा, नाव प्रसाद, संकटनाशन स्तोत्र म्हणायला उभा राहिला. केशरी फेटा त्याला मोठा होत होता. तो कपाळावर घसरायचा आणि हा एका हाताने सावरायचा. 'प्रणम्य शिरसा देवं' छान झालं. 'तृतीयं कृष्णपिंगाक्षं गजवक्त्रं चतुर्थकम्' इथपर्यंत आला आणि अडला. 'चतुर्थकम्' पुन्हा म्हणाला, तिसऱ्यांदा म्हणाला. माईक ज्यांच्या हातात होता ते गृहस्थ म्हणाले, "प्रसादाला आज तूप कमी पडलं वाटतं! प्रसाद संपला, चला, पुढचा नंबर." मांडवातली शंभरेक माणसं हसली. मीही हसले. आधी हसले आणि मग त्याच्याकडे पाहिलं.

आरतीनंतर तो दिसेना म्हणून त्याची आई शोधत होती. मला तो पार्किंगमध्ये सापडला, स्कूटरच्या मागे, फेटा मांडीवर घेऊन. रडत नव्हता. मला म्हणाला, "आजी, नाव बदलता येतं का?" मग हळूहळू एकेक निघालं. डब्याच्या सुट्टीत "प्रसाद, थोडा प्रसाद दे". वर्गात कुणाला मार बसला की "प्रसाद मिळाला" आणि सगळ्यांची तोंडं याच्याकडे. बसमध्ये "प्रसाद सांडला". पहिलीपासून रोज.

मी ३१ वर्षं शाळेत मराठी शिकवलं. प्रत्येक तुकडीत एक-दोन प्रसाद असायचेच आणि "प्रसाद, आज तुला प्रसाद मिळणार" हे वाक्य मी स्वतः किती वेळा म्हटलं असेल याची गणती नाही. मुलं हसायची, ज्याला म्हटलं तोही हसायचा. वर्ग हलका झाला असं मला वाटायचं. म्हणून हे लिहिणं मला भाग आहे.

ती कोटी नेमकी कुठे होती ते बघा. माणसाबद्दल आपण 'प्रसादला बोलाव', 'प्रसादने आणलं', 'प्रसादचा डबा' असं म्हणतो. देवापुढच्या वस्तूबद्दल बोलताना 'प्रसादाला हात धुऊन ये', 'प्रसादाचा शिरा' असं म्हणतो. वस्तूच्या शब्दाचं सामान्यरूप होतं, 'द'चा 'दा' होतो. माणसाचं नाव आहे तसं राहतं. 'प्रकाशने दिवा लावला' पण 'प्रकाशाने खोली भरली'. 'विजयचा शर्ट' पण 'विजयाचा गुलाल'. हे कुणी मुद्दाम शिकवत नाही, चार वर्षांचं मूलही बरोबर बोलतं. माणसाला त्याच्या नावाच्या अर्थापासून मराठीने आपणहून मोकळं ठेवलंय. माईकवरून 'प्रसादाला' आलं आणि त्या एका कान्यात तो मुलगा शिऱ्याची वाटी झाला.

माझं मत स्पष्ट लिहिते. लहान मुलं, नवीन आलेला माणूस, हाताखालचा माणूस यांच्या नावाच्या अर्थावर कोटी करू नये. बरोबरीच्या मित्रांनी आपसात काय करायचं ते त्यांनी ठरवावं. तुम्हाला काय वाटतं?

शनिवारपेठी

बाई, मी विरोधात लिहितोय. मी स्वतः प्रसाद, वय ४९. आमच्या वर्गात तीन प्रसाद होतो: जाड्या प्रसाद, चष्मा प्रसाद आणि मी पेढा प्रसाद, कारण वडील मिठाईच्या दुकानात कामाला. मी एकटा कुठे गेलो की "तीर्थ कुठंय?" हे ठरलेलं. कट्ट्यावर उशिरा पोचलो की "प्रसाद शेवटीच येतो". आजही ग्रुपवर माझ्या वाढदिवसाला "महाप्रसाद" असा बॅनर टाकतात. मला यात कधी अपमान वाटला नाही. उलट ज्या दिवशी हे थांबेल त्या दिवशी मी म्हातारा झालो किंवा परका झालो असं समजेन.

तुम्ही एक प्रसंग सांगितलात, मी एक सांगतो. बाबा अतिदक्षता विभागात अकरा दिवस होते. नवव्या रात्री दीडच्या सुमाराला मी बाहेरच्या बाकावर बसलेलो, दाढी वाढलेली, अंगात दोन दिवसांचा शर्ट. माझा शाळेतला मित्र थर्मासमधून चहा घेऊन आला. शेजारी बसला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "प्रसाद शिळा झालाय. घरी जा, आंघोळ कर, ताजा होऊन ये. मी बसतो इथं." नऊ दिवसांत 'धीर धर' म्हणून जाणारे पन्नास जण भेटले होते. मी पहिल्यांदा रडलो ते त्या वाक्यावर, आणि रडताना हसूही आलं. बाबा पुढे दोन दिवसांनी गेले. त्या अकरा दिवसांतलं मला आज जे आठवतं त्यात ते वाक्य आहे.

पुण्यात आपण लवकर कुणाच्या गळ्यात पडत नाही. दहा वर्षांचा शेजारी असला तरी 'अहो' चालू असतं. नावावर कोटी झाली की समजायचं, आता 'अहो'चं 'अरे' झालं. ती वाट बंद केलीत तर लोक एकमेकांशी फक्त शिष्टाचाराचं बोलतील. मुलाला गप्प बसायला नको, उत्तर द्यायला शिकवा. "प्रसाद आहे, हात पुढे केल्याशिवाय मिळत नाही" असं त्याने एकदा ठणकावून म्हटलं की वर्ग त्याच्या बाजूने होतो. मी असंच केलं होतं.

निवृत्त_शिक्षिका (कर्वेनगर)

शनिवारपेठी, तुमचा प्रसंग वाचून मी थांबले होते. तुमच्या मित्राने 'शिळा' म्हटलं खरं, पण त्याआधी तो रात्री दीड वाजता चहा घेऊन आला होता. तुम्ही किती दिवस त्या बाकावर आहात हे त्याला ठाऊक होतं, आणि तुमच्या जागी तो बसणार होता. त्याचं ते वाक्य मी चुकूनही थांबवणार नाही.

पण आमच्या मांडवात माईक एकाच्याच हातात होता. नऊ वर्षांच्या मुलाने शंभर माणसांना काय उत्तर द्यायचं? आणि ते त्याला सुचत नसेल तर त्याने ते सोसत राहायचं?

वारजे_मुक्कामी

मी मूळची माण तालुक्यातली, सातारा जिल्हा. इथे एका दवाखान्यात नर्स आहे.

माझ्या आत्येबहिणीचं नाव नकुसा. तीन मुलींवरची चौथी. आमच्या भागात हे नाव नवं नव्हतं. पुन्हा मुलगी नको म्हणून ठेवायचे. शाळेत पोरं तिला म्हणायची, "नको होतीस तर आलीस कशाला?" ती पाचवीत शाळा सोडून घरी बसली. घरच्यांनी कारण गुरांचं सांगितलं. ती मला सांगते, हजेरीत नाव पुकारलं की पोटात गोळा यायचा.

२०११च्या ऑक्टोबरमध्ये साताऱ्यात जिल्हा प्रशासनाने कार्यक्रम करून अशा २८५ मुलींना नवी नावं दिली. मुलींनी आपली आपण नावं निवडली. पेपरात फोटो आले होते. माझी बहीण तोवर लग्न होऊन दोन पोरांची आई झाली होती, तिचं राहून गेलं. आजही तिच्या आधार कार्डावर तेच आहे.

ती मागच्या वर्षी तपासणीला माझ्याकडे आली तेव्हा केसपेपरच्या खिडकीवर नाव सांगताना तिने आवाज एवढा खाली आणला की क्लार्कने तीनदा विचारलं. मग त्याने मोठ्याने म्हटलं आणि रांगेतल्या दोघीजणी एकमेकींकडे बघून हसल्या. तेव्हापासून मी बाकावरच्या पेशंटचं नाव दारातून पुकारत नाही. केसपेपर घेऊन त्यांच्यापर्यंत चालत जाते.

प्रसादवरची कोटी लोकांना निरुपद्रवी वाटते, कारण शब्द चांगला आहे. पण ज्याच्या कानाला प्रत्येक नावात अर्थ ऐकायची सवय लागली तो नकुसातही तोच ऐकतो. मी बाईंच्या बाजूने.

पाली_वाचक

माझा विरोध वेगळ्या कारणाने आहे. नावाच्या अर्थाला एवढं वजन द्यायचंच कशाला?

जातककथांमध्ये एक 'नामसिद्धी जातक' आहे. तक्षशिलेच्या आचार्यांकडे एक विद्यार्थी होता, नाव पापक. सगळे "ये पापका, जा पापका" म्हणायचे. तो कंटाळला आणि आचार्यांना म्हणाला, मला दुसरं नाव द्या. आचार्य म्हणाले, जा, हिंड आणि तुला आवडेल ते नाव शोधून आण. हिंडता हिंडता एका नगरात पोचला, तिथे प्रेतयात्रा निघाली होती. गेला कोण, तर जीवक. पुढे एका दासीला दोरीने मारत होते, कारण तिने मजुरी आणून दिली नव्हती. तिचं नाव धनपाली. रानात एक जण वाट चुकलेला भेटला, त्याचं नाव पंथक. पापक परत आला आणि म्हणाला, माझं आहे तेच राहू द्या. जीवक काय, अजीवक काय, मरण दोघांनाही येतं. नाव ओळखण्यापुरतं.

आपल्याकडची ठणठणपाळाची गोष्ट हीच. अमरसिंग मेला, धनपाल भीक मागतो, लक्ष्मी शेण्या वेचते, त्यापेक्षा आपला ठणठणपाळच बरा. 'नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा' हेही त्यातलंच.

आणि पुण्यात तर हे रोज डोळ्यांसमोर आहे. पूर्वी मुलं जगत नसली की पुढच्याचं नाव दगडू, धोंडू, केरू ठेवायचे, वाईटाची नजर त्याच्याकडे वळू नये म्हणून. त्यातलाच एक दगडू शब्द ज्यांच्या नावात होता ते मिठाईचे व्यापारी दगडूशेठ हलवाई. आज देशभरातून लोक त्यांच्या गणपतीला येतात आणि 'दगडूशेठ' म्हणताना कुणाच्या मनात दगड येत नाही. बाई, तुम्ही राहता ते कर्वेनगर ज्यांच्या नावाने आहे ते धोंडो केशव कर्वे. धोंडो! १८९६मध्ये त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला, १९१६मध्ये महिला विद्यापीठ काढलं आणि १९५८मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी, भारतरत्न झाले. त्या नावाचा अर्थ कामाखाली कधीच दबून गेला.

त्या मुलाला हे सांगा. 'तुझ्या नावावर कुणी बोलू नये म्हणून आम्ही बंदोबस्त करतो' हे सांगू नका. त्याने तो नावाला आणखी चिकटेल.

निवृत्त_शिक्षिका (कर्वेनगर)

जातकाची गोष्ट मला ठाऊक होती, पण तुमच्यामुळे पुन्हा नीट आठवली. त्यातले आचार्य काय करतात ते बघा. पापक तक्रार घेऊन येतो तेव्हा ते हसत नाहीत, 'एवढं काय मनावर घेतोस' असंही म्हणत नाहीत. 'जा, शोधून आण' म्हणतात. त्याला हवं ते नाव घ्यायची मोकळीक देतात. तो गावोगाव चालतो, स्वतःच्या डोळ्यांनी बघतो आणि स्वतः परत येऊन सांगतो की नाव राहू द्या. ते शहाणपण त्याने मिळवलेलं आहे. आपण ते चौथीतल्या मुलाच्या हातात तयार देणार आणि वर म्हणणार, बघ, आता वाईट वाटून घेऊ नकोस.

धोंडो केशवांचा दाखला मात्र मी त्याला सांगणार आहे. रोज त्यांच्या पुतळ्यावरून त्याची बस जाते.

कसबेकर

सगळे इतके गंभीर झालेत म्हणून मीही माझं गंभीरपणे सांगतो. तो मुलगा जे स्तोत्र म्हणत होता ते काय आहे? गणपतीची बारा नावं. वक्रतुंड म्हणजे वाकड्या तोंडाचा. एकदंत, एकच दात असलेला. लंबोदर, ढेरपोट्या. विकट, धूम्रवर्ण. ज्याला आपण घरी आणून दहा दिवस डोक्यावर घेतो त्याला आपण त्याच्या पोटावरून आणि दातावरून हाका मारतो आणि तो रागावत नाही. विठ्ठल काळा आणि त्याला पांडुरंग म्हणजे गोऱ्या अंगाचा म्हणायचं. आपल्या भक्तीतच ही मस्करी आहे. संतांनी देवाला काय काय म्हटलंय! थट्टा ही आपल्याकडे प्रेमाची खूण आहे. ती लहानपणापासून अंगवळणी पडली तरच मूल पुढे टिकतं. आज नावावर बोलू नका, उद्या आडनावावर नको, परवा गावावर नको. मग बोलायचं काय?

वारजे_मुक्कामी

कसबेकरदादा, गणपतीला हसल्याची गोष्टही आपलीच आहे. उंदरावरून पडला म्हणून चंद्र हसला. गणपतीने ते हसण्यावारी नेलं नाही, शाप दिला. आजही गणेश चतुर्थीला माझी सासू खिडकीचे पडदे ओढून घेते. लंबोदर हे नाव त्याला हात जोडून घेतलेलं आहे, म्हणणारा खाली आणि देव वर. चंद्र वरून हसला होता. आमच्या गावात नकुसाला हसणारेही वरूनच हसायचे.

कसबेकर

चंद्राचा मुद्दा मान्य. पण गणपतीने उ:शापही दिला होता, तेही विसरू नका. चुकलेल्याला कायमचं धरून ठेवत नाहीत. माईकवाल्याला इथे सगळे मिळून धरताहेत असं मला वाटतं.

धायरीची_आई

माझ्या मुलाचं नाव प्रसाद आहे. लग्नानंतर आठ वर्षं मूल नव्हतं. उपचार झाले, दोन वेळा हातातोंडाशी येऊन गेलं. हा झाला तेव्हा नाव शोधायला पुस्तक उघडावं लागलं नाही. बारशाला त्याच्या आत्याने कानाशी वाकून 'कुर्रर्र' केलं, पाठीत बायकांचे धपके खाल्ले आणि नाव सांगितलं, तेव्हा माझ्या सासूबाई भिंतीला टेकून रडत होत्या. कुणी कोटी केली की मला तो पाळणा दिसतो.

मी कुणाशी भांडत नाही. फक्त सांगावंसं वाटलं की या नावाचा अर्थ आमच्या घरात काय आहे. मुलाला मात्र मी हे अजून नीट सांगितलेलं नाही, ते आज लिहिताना लक्षात आलं.

फेज_टू

मी २५ वर्षांचा, मूळ बार्शीकडचा, हिंजवडीत नोकरी. नाव समाधान. आमच्याकडे हे नाव गल्लीत तीन-चार जणांचं असतं, त्यामुळे दहावीपर्यंत त्यात काही गमतीचं आहे हे मला माहीतच नव्हतं. इथे आल्यावर कळलं.

पहिल्या दिवशी ओळख करून दिली तेव्हाच टीम लीड म्हणाले, "चला, आता कस्टमरच्या समाधानाची सोय झाली." दर आठवड्याच्या मीटिंगला मी बोलून झालो की "कुणाचं समाधान झालं का?" मी रजेवर असलो की ग्रुपवर "आज ऑफिसात समाधान नाही". बाईंनी लिहिलेलं वाचून पहिल्यांदा समजलं की ते मुद्दाम 'समाधानाला विचारा' असं का म्हणतात. गॅदरिंगच्या शेलापागोट्यांत माझ्यावर चार वाचली, चारही नावावर. माझ्याबद्दल एकही नव्हतं. मी काय खातो, कसा बोलतो, काय काम करतो, यातलं काही नाही. दोन वर्षांत त्यांनी माझं नाव सोडून काही बघितलेलं नाही.

ग्रुपवर मी हसरा इमोजी टाकतो. दर वेळी टाकतो. न टाकून बघितलं, तर "रागावला का? समाधान हरवलं" असं आलं.

शनिवारपेठी

समाधान, जेवणाच्या सुट्टीत त्यांना बाजूला घेऊन सरळ सांग ना. "सर, नावावरचं पुरे" एवढंच. बहुतेकांना कळत नसतं रे. सांगितलं की थांबतात.

फेज_टू

दादा, माझं अप्रेझल ते लिहितात.

माईकमागचा

मी गेली वीस वर्षं गणपतीत, लग्नांत, शाळांच्या कार्यक्रमांत निवेदन करतो. त्या सोसायटीतला मी नव्हे, पण त्यांच्या जागी उभा राहिलोय म्हणून त्यांची बाजू सांगतो.

मूल अडलं की मांडवात एक शांतता होते. तुम्हाला खुर्चीवर ती पाच सेकंदांची वाटते, माईक हातात असला की ती संपतच नाही. मूल तुमच्याकडे बघतं, आई पहिल्या रांगेतून ओठ हलवत असते, मागची पोरं खिदळायला लागतात. त्यांनी हसायच्या आत आपण सगळ्यांना हसवलं तर ते हसू मुलावर पडत नाही, निवेदकाच्या वाक्यावर पडतं, अशी आमची समजूत. नाव हाताशीच असतं, कार्डावर लिहिलेलं. दुसरं काही त्या मुलाबद्दल आपल्याला ठाऊक नसतं. 'प्रकाश पडेना', 'विजय हुकला', 'आरती लवकर संपली' ही वाक्यं आमच्या तोंडात बसलेली असतात. त्यात दुष्टपणा नसतो. त्या गृहस्थांनी बहुधा घरी जाऊन 'आज कार्यक्रम छान रंगला' असंच सांगितलं असेल.

समाधानने लिहिलंय की त्यांनी नाव सोडून काही बघितलंच नाही. ते वाचून मी कालपासून विचारात आहे, कारण आमचं तसंच होतं. कार्डावर नावच असतं.

तरी एक सांगतो. कोटी करूच नका म्हणाल तर त्या शांततेचं करायचं काय, तेही सांगा. मुलाला तसंच उभं ठेवणं मला त्याहून वाईट वाटतं.

निवृत्त_शिक्षिका (कर्वेनगर)

प्रश्न रास्त आहे. वर्गात मूल अडायचं तेव्हा मी पुढचा पहिला शब्द हळूच द्यायचे. 'लंबोदरं' एवढं कुणी म्हटलं असतं तरी त्याची गाडी सुटली असती. आणि ते स्तोत्र मांडवातल्या निम्म्या लोकांना पाठ होतं. माईकवरून 'चला, आपण सगळे म्हणू या' असं आलं असतं तर शंभर आवाज त्याच्याबरोबर उभे राहिले असते. माझा स्वतःचाही त्यात आला असता. मी तिसऱ्या रांगेत होते आणि मला पुढची ओळ येत होती. मीसुद्धा ती दिली नाही, हसले.

माईकमागचा

शब्द देणं मी करतो, पण त्यासाठी आपल्याला स्तोत्र यायला लागतं. सगळ्यांना येत नाही. 'सगळे म्हणू या' हे मात्र मी या गणपतीतच करून बघणार. सहाव्या दिवशी एक कार्यक्रम आहे.

पाली_वाचक

बाई, त्याने नाव बदलायचं विचारलं होतं त्याचं काय झालं? ते होऊ शकतं. प्रतिज्ञापत्र करून महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात छापून आणावं लागतं, अज्ञान मुलाचं असेल तर आईवडिलांनी अर्ज करायचा. मी विरोधात लिहिलं असलं तरी त्याला खरंच हवं असेल तर आडकाठी करू नये. पापकालाही ती मोकळीक होती, हे तुमचं म्हणणं मला पटलंय. नावाच्या अर्थाबद्दलचं माझं मत मात्र कायम आहे.

निवृत्त_शिक्षिका (कर्वेनगर)

आईवडिलांशी बोलले. त्यांनी त्याला सांगितलंय की दिवाळीपर्यंत थांबू, तोवर तुला हवंच असेल तर करू.

मी त्याला शब्दाचं सांगितलं. 'प्रसाद' आणि 'प्रसन्न' एकाच घरातले. 'सद्' म्हणजे बसणं. गढूळ पाणी स्थिर ठेवलं की गाळ खाली बसतो आणि वरचं नितळ होतं, ते नितळपण म्हणजे प्रसाद. म्हणून तर कविता वाचताक्षणी समजली की तिच्यात प्रसादगुण आहे असं म्हणतात. कृपा, देवापुढची वाटी हे अर्थही त्यातूनच. आणि प्राकृतातून येता येता त्याचा 'पसाय' झाला. "पसायदान म्हणतोस ना रोज प्रार्थनेला?" असं विचारलं तर म्हणाला, "हो, पण ते पसायदान आहे." मी म्हटलं, "तोच तू." त्याने विचार केला आणि म्हणाला, "मग आळंदीला सगळे माझंच म्हणतात?" मी हो म्हटलं.

कसबेकर

पसायदानाचं मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं म्हणतोय.

शनिवारपेठी

मला एक सांगायचंय, आणि ते माझ्याच विरोधात जातं, तरी सांगतो. वर लिहिल्यावर मी काल चष्मा प्रसादला फोन केला. तो आता औंधला असतो, वर्षातून एखादा फोन होतो. मी त्याला हा सगळा वाद सांगितला आणि म्हटलं, आपल्याला कधी काही वाटलं नाही ना रे? तो गप्प झाला. मग म्हणाला, "म्हणून तर मी अकरावीपासून सगळीकडे आडनावच सांगतो. बायकोही आडनावाने हाक मारते. तुला कधी लक्षात आलं नाही?"

नाही आलं. दहा वर्षं एका बाकावर बसलो होतो. कोट्या करणाऱ्यांत मी पुढे होतो, कारण मला चालायचं.

रात्री दीड वाजता चहा घेऊन आलेल्या मित्राचं वाक्य मी अजूनही कुणाला खोडू देणार नाही. आमच्या ग्रुपवरचा महाप्रसादाचा बॅनरही राहू दे. पण चष्म्याला मी रविवारी भेटायला जातोय.

माईकमागचा

बाई, एक विचारायचं राहिलं. त्या मुलाने ते स्तोत्र नंतर पूर्ण केलं का? मूल अडून खाली उतरलं की ती ओळ त्याच्या डोक्यात तिथेच अडकून बसते. पुढच्या वर्षी स्टेजवर यायला तयार होत नाही. मी पाहिलंय.

निवृत्त_शिक्षिका (कर्वेनगर)

आज संध्याकाळी तो आमच्याकडे मोदक घेऊन आला होता. आईने पाठवला होता. मी काही विचारलं नाही. डबा ओट्यावर ठेवून दारापर्यंत गेला, परत फिरला आणि म्हणाला, "म्हणून दाखवू?" आणि माझं उत्तर यायच्या आत 'लंबोदरं पंचमं च'पासून सुरू केलं. मधूनच, जिथे अडला होता तिथूनच. हात नकळत कपाळापाशी जात होता, फेटा सावरायला, फेटा नव्हता तरी. बारा नावं झाली, फलश्रुती झाली, एकदाही अडखळला नाही. शेवटची ओळ 'तस्य विद्या भवेत्सर्वा गणेशस्य प्रसादतः'.

ती म्हणून तो थांबला. पुन्हा एकदा हळू म्हणाला, 'प्रसादतः'. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "आजी, मी शेवटी होतो. मी तिथपर्यंत पोचलोच नव्हतो."